चार जोड्या, एक दिवाणखाना आणि शिकाऊ कॉलर

बॉस्टनजवळच्या सॉमरव्हिलमधल्या एका घरच्या नाचाच्या संध्याकाळींना पाचपैकी चार तारे. एक तारा कुठे गेला ते पुढे येईलच.

बॉस्टनच्या आसपासची मराठी मंडळी मला अधूनमधून विचारतात, "तू त्या कॉन्ट्रा डान्सला जातेस ना, तिथे माइकवर सूचना देणारी माणसं, म्हणजे ते कॉलर, हे शिकतात कुठे?" बहुतेक जण शिकतात कुणाच्या तरी घरी, सोफा भिंतीला सरकवून. सॉमरव्हिलमध्ये अशाच एका घरी हिवाळाभर नाचाच्या संध्याकाळी भरतात आणि त्या मुद्दाम शिकाऊ कॉलरांसाठीच ठेवलेल्या असतात. घर खासगी आहे, त्यामुळे पत्ता आणि यजमानीणबाईंचं नाव इथे देत नाही. या भागातल्या कुठल्याही कॉन्ट्रा नाचाला जाऊन मध्यंतरात चौकशी केलीत की कुणीतरी तुम्हाला त्यांच्यापर्यंत पोचवेल.

ज्यांनी हा नाच पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, दोन-दोन जोड्यांचे गट पडतात, आणि प्रत्येक फेरीनंतर जोडी एक जागा सरकून पुढच्या जोडीला भेटते. डावीकडे उभा राहतो तो लार्क, उजवीकडे रॉबिन. बाईने लार्क व्हावं की पुरुषाने, याचं आता इथे बहुतेक ठिकाणी कुणाला काही नाही. एक फेरी ६४ ठोक्यांची, म्हणजे सोळा-सोळाचे चार भाग. मिनिटाला ११५ ठोक्यांची लय धरली तर फेरी साधारण ३३ सेकंदांत संपते आणि लगेच दुसरी सुरू होते. पाठ करून कुणीच येत नाही. संगीताशिवाय एकदा-दोनदा चालून बघायचं, त्याला वॉकथ्रू म्हणतात, आणि मग फिडल (म्हणजे व्हायोलिन) सुरू झालं की कॉलर सांगेल तसं करायचं.

खरी गोम त्या सांगण्यात आहे. शाळेत लेझीमचे सर ठोक्यावर हुकूम सोडायचे आणि आपण त्यावर हात हलवायचो. इथे ठोक्यावर सांगितलंत तर उशीर झालेला असतो. "शेजाऱ्याबरोबर स्विंग" (शेजारी म्हणजे समोरच्या जोडीतला, स्विंग म्हणजे एकमेकांना धरून जागीच गरगर फिरणं) हे शब्द आधीच्या हालचालीच्या शेवटच्या दोन-चार ठोक्यांत सांगून संपले पाहिजेत, म्हणजे पहिल्या ठोक्याला पाय आपोआप उचलला जातो. पाय चालू हालचालीत, तोंड पुढच्या हालचालीत आणि डोळे खोलीच्या टोकाला गोंधळून उभ्या असलेल्या जोडीवर. घरी जेवणाच्या टेबलावर वाट्या-चमचे सरकवून किंवा गाडीत गाणं लावून एकट्याने बोलून याची तयारी होते, पण तेवढीच. वाटी कधी चुकीच्या बाजूला वळत नाही.

घरात नाचण्याची टूम काही नवी नाही. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागातल्या, शेतघरांत पूर्वी स्वयंपाकघरातच नाच व्हायचे, त्यांना किचन जंकेट म्हणत. टेबल-खुर्च्या बाहेर काढायच्या आणि जागा वाचावी म्हणून फिडलवाल्याला सिंकवर बसवायचं, असं जुने लोक अजून हौसेने सांगतात. न्यू हॅम्पशायरच्या राल्फ पेज (१९०३–१९८५) यांनी हे जुने नाच जपले, कॉलिंग केलं, लिहून ठेवलं. पुढे १९६० च्या दशकात कॉलर आणि वादक डडली लॉफमन यांच्यामुळे तरुण पोरं यात आली आणि नाच हॉलमध्ये ऐसपैस पसरला. आज काँकर्डच्या स्काउट हाउसमध्ये किंवा ग्रीनफील्डच्या गायडिंग स्टार ग्रेंजमध्ये जा, लाकडी जमिनीवर भल्या लांब रांगा लागलेल्या दिसतील. पण त्या रांगांतली माणसं पैसे भरून आलेली असतात, बँडला मानधन द्यायचं असतं. नवशिक्याला तिथे संध्याकाळभरात एखादा नाच मिळाला तरी खूप. कंट्री डान्स अँड साँग सोसायटी ही १९१५ सालची संस्था, आणि तिच्यातर्फे उन्हाळी शिबिरांत कॉलिंगचे वर्गही होतात. पण आठवडाभर रजा टाकून शिबिराला जाणं नोकरदार माणसाला दरवर्षी कुठलं परवडायला? म्हणून ही दिवाणखान्याची सोय.

आता घर. सॉमरव्हिलमधली जुनी तीन मजली लाकडी घरं तुम्हाला माहीत असतील; त्यातलंच एक, आणि यजमानीणबाई सुदैवाने तळमजल्यावर राहतात. खाली तळघर आहे, त्यामुळे धबधब ऐकायला कुणी नाही. वरच्या मजल्यावरचं जोडपं एक तर नाचायला येतं, नाही तर त्या संध्याकाळी सिनेमाला जातं. दिवाणखाना आणि जेवणाची खोली यांच्यामध्ये नुसती कमान आहे, त्यामुळे सलग जागा मिळते. चार जोड्या आरामात, सहा कोपर सांभाळून. जमीन ओकच्या फळ्यांची, गुळगुळीत पण घसरडी नाही. बूट बाहेर काढून मऊ तळाचे घालायचे. मोजे घालून नाचू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

जेवणाच्या खोलीत एक दिवा मात्र जिवाला घोर आहे. त्याच्याखाली एरवी टेबल असतं, म्हणून तो खाली लोंबतो. टेबल हलवलं की तो नेमका कपाळाच्या उंचीवर येतो. बाईंनी त्याची साखळी एका जुन्या ओढणीने वर बांधून ठेवली आहे. ओढणी मी दिलेली, त्यामुळे तिच्या मजबुतीबद्दल तक्रार करत नाही. तरीही सहा फुटांच्या वरच्या माणसाने हात उंच करून जोडीदाराला फिरवलं की सगळी खोली एक क्षण श्वास रोखते. उंच मंडळींनी कमानीच्या अलीकडे नाचावं.

संध्याकाळ सातला सुरू होते आणि साडेनऊला म्हणजे साडेनऊला संपते. एका वेळी तीन शिकाऊ कॉलर, प्रत्येकाला दोन नाच. उरलेले नाच बाई स्वतः किंवा कुणी मुरलेला कॉलर घेतो, म्हणजे अधेमध्ये लोकांना निवांत नाचताही येतं. ही वाटणी फार शहाणपणाची आहे. लागोपाठ सहा अडखळते नाच नाचायला लागले तर प्रेमाची माणसंसुद्धा पुढच्या वेळी कारणं सांगतील.

आवाजाच्या व्यवस्थेला पूर्ण गुण. एवढ्याशा खोलीत माइक कशाला, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. बाईंचं म्हणणं असं की माइकवर बोलणं ही वेगळीच गोष्ट आहे आणि तिची सवय हॉलमध्ये व्हायला नको, घरीच व्हावी. बॅटरीवरचा एक छोटा स्पीकर, एक चारदोन बटणांचा मिक्सर; एका वाटेने संगीत, दुसऱ्या वाटेने आवाज. आवाजाच्या वाटेवर खर्जाचं बटण त्या बरंच खाली ठेवतात. माणसाच्या आवाजातली घुमघुम गेली की व्यंजनं स्वच्छ ऐकू येतात, आणि नाचणाऱ्याला हवी असतात ती व्यंजनंच. स्पीकर कॉलरच्या मागे ठेवला की माइक शिट्टी मारतो; तो पुढे, कॉलरच्या समोर आणि कानाच्या उंचीवर ठेवायचा, हे इथे पहिल्या पाच मिनिटांत शिकवलं जातं.

संगीत कधी रेकॉर्ड केलेलं, कधी जिवंत. रेकॉर्डिंगची अडचण म्हणजे त्यात फेऱ्या ठरलेल्या असतात. गाणं सात फेऱ्यांचं असेल तर सातव्या फेरीला संपणार, लोक तेव्हा कुठे रंगात आलेले असोत नाही तर अजून चाचपडत असोत. जिवंत संगीत असतं तेव्हा एक फिडलवाली आणि एक गिटारवाला येतात, तेही शिकाऊच. मग कॉलरला बोटांनी "अजून तीन फेऱ्या" असं दाखवायची खरी सवय होते. जमलं तर जिवंत संगीताच्या दिवशीच जा. फिडलवालीची लय मधूनच पळायला लागते आणि कॉलरला तिला नजरेने आवरावं लागतं. असला धडा रेकॉर्डिंग कधी देणार नाही.

आता घरगुती नाचाची खरी मजा, जी मला हॉलमध्ये कधी कळली नसती. चार जोड्यांची रांग लावा. पहिल्या फेरीत दोन गट होतात, सगळे नाचतात. फेरी संपली, जोड्या सरकल्या, की वरच्या टोकाला एक जोडी आणि खालच्या टोकाला एक जोडी अशा दोन जोड्या बाहेर पडतात आणि मधल्या दोनच नाचत राहतात. त्यापुढच्या फेरीत पुन्हा सगळे आत. म्हणजे एकाआड एक फेरीत निम्मी खोली उभी! बाहेर पडलेल्या जोडीने त्या ३३ सेकंदांत आपसांत जागा बदलून, लार्क आणि रॉबिन पुन्हा योग्य बाजूंना येतील असं वळून तयार राहायचं असतं. लांब रांगेत हा प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला क्वचित येतो, आणि आला की शेजारपाजारचे जुने लोक खुणेने सांभाळून घेतात. दिवाणखान्यात तो दर मिनिटाला समोर उभा! टोकाच्या जोडीला कधी, किती शब्दांत आणि कुणाकडे बघून सांगायचं, हे कॉलरला इथे शिकावंच लागतं. पाच जोड्या असतील तर दर फेरीला एक जोडी बाहेर. बर्फाचा दिवस असला आणि तीनच जोड्या उगवल्या तर बाई ट्रिपलेट काढतात. हे खास तीन जोड्यांचे नाच, आणि त्यांचा प्रसार बॉस्टनचे कॉलर टेड सॅनेला यांनी केला. "माणसं कमी आली, आज राहू दे" असं या घरात होत नाही.

नाच निवडण्याबद्दल एक सांगायला हवं. शिकाऊ मंडळी कॉलर्स बॉक्स या मोफत संकेतस्थळावरून नाच शोधतात. तिथे हजारो नाचांची नोंद आहे, आणि रचनाकाराची परवानगी असेल तिथे सगळ्या हालचालीही दिसतात. हौसेने लोक अवघड नाच उचलतात. बाईंचा आग्रह साध्याचा: शेजाऱ्याबरोबर बॅलन्स (हात धरून जागीच झुलणं) आणि स्विंग, गोल करून डावीकडे पाऊण फेरी, जोडीदाराबरोबर डो-सी-डो (पाठीला पाठ देऊन एकमेकांभोवती फेरी), मग बॅलन्स आणि स्विंग, रॉबिनांची चेन (दोन रॉबिन उजवा हात देत एकमेकांच्या जागी जातात), डाव्या हाताचा स्टार (चौघांचे डावे हात मधोमध धरून फेरी) आणि पुढच्या शेजाऱ्याकडे. एवढ्यात कॉलरचा सगळा कस लागतो.

असाच एक नाच एका पंचविशीतल्या मुलाने घेतला. हातात कार्ड, त्यावर सुवाच्य अक्षरात चारही भाग. वॉकथ्रू झकास झाला. संगीत सुरू झालं आणि पहिल्या तीन भागांपर्यंत सगळं ठीक. मग स्टार आला. आठ ठोक्यांचा स्टार फिरून संपला आणि मुलगा मनातल्या मनात बहुधा ठोके मोजत राहिला. "पुढचा शेजारी" हे शब्द दोन ठोके उशिरा आले. दोन ठोके म्हणजे जेमतेम एक सेकंद. पण तेवढ्यात खोलीत चार-चार डावे हात मधोमध एकमेकांवर तसेच राहिले, एकजण उगाच अजून अर्धी फेरी फिरला, आणि बॅलन्स व्हायचा होता तिथे नुसतीच धक्काबुक्की झाली. सगळे पुन्हा आत आले त्या फेरीला त्याने तेच शब्द स्टार अर्धा झाल्यावर सांगितले आणि आठही माणसं लोण्यातून सुरी जावी तशी सरकली. कुणी काही बोललं नाही. त्याच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडलेला सगळ्यांना दिसला. हॉलमध्ये शंभर माणसांच्या गर्दीत हा फरक नुसता गोंगाट म्हणून ऐकू येतो. इथे तो आठ चेहऱ्यांवर वाचता येतो.

आणि आता तो कापलेला तारा. पाहुण्यांच्या यादीत मुरलेले नाचणारे फार. चांगली माणसं आहेत, पण पंचवीस-पंचवीस वर्षं नाचलेली. कॉलर चुकीचं बोलला तरी त्यांचे पाय बरोबर जागी जातात. "लार्कांची चेन" असं तोंडातून निसटलं तरी खोलीतल्या चारही रॉबिन गुपचूप हात पुढे करतात, आणि शिकाऊ कॉलर घरी जातो तो आपल्याला जमलं म्हणून खूश होऊन. मग पुढच्या महिन्यात खऱ्या हॉलमध्ये, पहिल्यांदाच आलेल्या वीस जणांपुढे, त्याची भंबेरी उडते.

यावर बाईंनी दोन उपाय काढलेत. एक नियम: ऐकू येईल तेच करायचं, माहीत आहे ते करायचं नाही. तो दारावरच कागदावर लिहून लावलेला आहे. पाळतात किती? पहिल्या दोन नाचांत पाळतात. पुढे सवय जिंकते. दुसरा उपाय जास्त कामाचा: दर वेळी दोन-तीन अगदी कोरी माणसं बोलवायची. आणि इथे आपल्या मंडळींना भलतीच मागणी आहे! मी माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना "अमेरिकन गरबा बघायला चल" असं सांगून नेलंय. तो गरबा अजिबात नाही, पण येतात.

एकदा एका मैत्रिणीची आई आली होती, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या काकू. पंजाबी ड्रेस, पायात स्वच्छ कॅनव्हासचे बूट. डो-सी-डो त्यांना एका फटक्यात जमलं. पाठीला पाठ देऊन एकमेकांभोवती फिरायचं, त्यात काय. स्विंगला मात्र "मला गरगरतं बाई" म्हणून त्यांनी साफ नकार दिला, तर बाईंनी त्यांना दोन्ही हात धरून हळू चालत फिरायचं दाखवलं, आणि ते संगीतात चपखल बसलं. मध्यंतरात मी विचारलं, "काकू, दमलात का?"

"दमायला काय झालंय? पण ती चष्म्यावाली मुलगी बोलते फार. आधी सगळं सांगते आणि मग 'आता' कधी म्हणते तेच कळत नाही."

मी हे जसंच्या तसं इंग्रजीत त्या मुलीला सांगितलं. तिने लगेच कार्ड काढलं आणि पेन्सिलीने शब्द खोडायला बसली. "आता तुमच्या शेजाऱ्याकडे वळून त्यांचा डावा हात धरा आणि" एवढं लांबण होतं तिथे राहिलं "शेजारी, डावा अलेमांड". दुसऱ्या नाचात काकू एकदाही थांबल्या नाहीत. मुरलेल्या मंडळींनी त्याच मुलीला आधी तिच्या बोलण्यातल्या लयीबद्दल आणि नाचाच्या 'प्रवाहा'बद्दल बरंच काही ऐकवलं होतं. त्यातलं तिने कार्डावर काहीच लिहून घेतलेलं मी पाहिलं नाही.

अभिप्राय देण्याच्या पद्धतीबद्दलही माझी तक्रार आहेच. नियम असा की कॉलरने स्वतः एक प्रश्न विचारायचा आणि लोकांनी तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. नियम उत्तम. पण चहाचा कप हातात आला की माणसं सैल सुटतात, आणि दहा मिनिटांचं मध्यंतर अर्ध्या तासाचं होतं. तिसऱ्या कॉलरचा दुसरा नाच मग साडेनऊच्या आत उरकायचा म्हणून चार फेऱ्यांतच गुंडाळला जातो. शेवटचा नंबर लागला तर बाईंना आधीच प्रेमाने सांगून ठेवा.

या घरात शिकता येणार नाहीत अशा गोष्टीही आहेत. भरलेल्या हॉलमध्ये लोक गप्पा मारत असताना त्यांना रांगेत उभं करणं, घुमणाऱ्या छताखाली बोलणं, आणि पलीकडच्या टोकाच्या जोडीचा चेहरा दिसत नसताना तिला काय चाललंय याचा अंदाज घेणं. ते हॉलमध्येच शिकायचं. बाईही तसंच सांगतात, उगाच मोठे दावे करत नाहीत.

खाणं ज्याने त्याने आणायचं. सायडर, चेडर, कुणाची तरी सफरचंदाची पाय, माझा पातळ पोह्यांचा चिवडा. नाच संपेपर्यंत तेलकट काही बाहेर काढायचं नाही, कारण सगळी संध्याकाळ एकमेकांचे हात धरायचे असतात; भजी-वडे घेऊन गेलात तर ते साडेनऊनंतरच उघडले जातील, आणि मग पाच मिनिटांत संपतील.

वर्गणी बरणीत, जमेल तेवढी. जिवंत संगीत असेल तेव्हा ती सगळी वादकांना जाते. जागा चौदा माणसांचीच, निरोप आला की त्याच दिवशी हो म्हणा. नाचायला एकटे आलात तरी चालतं, जोडी तिथे मिळते. गल्लीत गाडी लावायला रहिवाशांचा परवाना लागतो, तेव्हा सरळ मेट्रोच्या रेड लाइनने डेव्हिस स्टेशनला उतरा आणि चालत जा. आणि कॉलिंगचं अजिबात मनात नसेल, नुसतं नवखं म्हणून जायचं असेल, तर मला निरोप टाका. फेब्रुवारीसाठी दोन कोरी माणसं हवी आहेत.